दर्भाचा कावळा नको: एका वहीच्या नोंदी

मी सांगलीचा. वय ६२. छत्तीस वर्षं कारखान्यात मेंटेनन्सला होतो, २०२१ ला रिटायर झालो. या नोंदी एका वहीच्या कामाच्या आहेत. वहीत दोन गोष्टी लिहायच्या ठरवल्या: मी कसा घडत गेलो, आणि मी गेल्यावर घरच्यांनी काय करायचं. महिनाभराचं काम वाटलं होतं. अकरा महिने झाले, अजून संपलेलं नाही. कुणाला हेच करायचं असेल तर माझा वाया गेलेला वेळ तरी त्यांचा वाचावा.

५ जानेवारी २०२५

आधी कारण लिहून ठेवतो. नोव्हेंबरात अण्णा, माझे वडील, गेले, ८८ वर्षांचे होऊन. दहाव्याला गावी कृष्णेच्या घाटावर पिंड मांडले आणि कावळा शिवेना. झाडावर पाच-सहा बसलेले, खाली एकही उतरेना. मग नेहमीचं सुरू झालं. धाकट्या भावाने हात जोडले, ‘अण्णा, शेत विकणार नाही.’ चुलते म्हणाले, ‘नातीच्या लग्नाचं बोला.’ मी म्हणालो, ‘आईला सांभाळू, काळजी करू नका.’ कुणीतरी म्हणालं तंबाखू ठेवा, तर तंबाखूही ठेवली. दोन तास गेले, ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला.

कावळ्यावर माझा विश्वास आहे की नाही हे बाजूला राहू दे. घाटावर आम्ही सोळा माणसं होतो आणि अण्णांच्या मनात काय राहिलं होतं हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं मी त्यांच्याशी पाऊस, ऊस आणि तब्येत एवढ्यावरच बोललो. माझ्या मुलांनी माझ्याबद्दल असे अंदाज करत उन्हात उभं राहू नये.

१२ जानेवारी

साहित्य. इथे महापुराने शिकवलेलं उपयोगी पडलं. ऑगस्ट २०१९ ला सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पाण्याने ५७ फूट ओलांडले तेव्हा आमच्या गावभागातल्या घरात छातीएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली. शाईपेनने लिहिलेल्या अण्णांच्या पत्रांचे निळे डाग झाले होते, जेल पेनचं लिखाणही पसरलं होतं. डॉटपेनचं वाचता येत होतं आणि झेरॉक्सवरची अक्षरं तर जशीच्या तशी होती. म्हणून साधा निळा डॉटपेन आणि दोनशे पानी लाँगबुक. दोन्ही मिळून १०५ रुपये. वर झिपची प्लॅस्टिक बॅग, १२० रुपये.

एक चूक याच दिवशी केली. जन्मदाखला, सातबाऱ्याचे जुने उतारे आणि लग्नाचा दाखला लॅमिनेट करून आणले, २४० रुपये. पुढे मे महिन्यात वकिलांना दाखवले तेव्हा ते म्हणाले, मूळ कागद लॅमिनेट केला की त्यावर शिक्का मारता येत नाही, सही घेता येत नाही आणि कागद फाटल्याशिवाय सुटतही नाही. त्यांतला एक उतारा उष्णतेने तपकिरी पडला. तो पुन्हा काढायला दोन दिवस गेले. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत सुटे ठेवावेत, चिकटवू नयेत.

२ फेब्रुवारी

चार आठवडे गेले आणि हातात काही नाही. पहिल्या पानावर ‘मृत्यूविषयी माझे विचार’ असं लिहून आठ पानं भरली. आज वाचून बघितली. देह नश्वर आहे, रिकाम्या हाताने आलो, रिकाम्या हाताने जायचं. सगळं कीर्तनात ऐकलेलं. त्यात माझं स्वतःचं एक वाक्य नव्हतं. पानं काढून टाकली.

मधल्या आठवड्यात मोबाइलवर बोलून टाइप करायचा प्रयत्न केला. मजकूर भराभर येतो, पण बोलताना मी निरोप समारंभात बोलतो तसा बोलायला लागलो. तेही सोडून दिलं.

९ फेब्रुवारी

उपाय सापडला, तो जुन्या कामातून. आमच्याकडे ब्रेकडाऊन रजिस्टर असायचं. रकाने ठरलेले: तारीख, मशीन, काय बिघडलं, कारण, काय केलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय. मी आयुष्यात सगळ्यांत जास्त लिखाण त्या रजिस्टरात केलंय. वहीच्या पानावर पट्टीने तेच रकाने आखले. ‘मशीन’च्या जागी ‘माणूस’ लिहिलं.

पहिली नोंद अशी झाली. जून २००४. माणूस: मुलगी. दहावीला ८१ टक्के. काय बिघडलं: मी पेढे आणले नाहीत, शेजारच्या मुलाचे टक्के विचारले. कारण: मला इंजिनिअरिंग करायला मिळालं नव्हतं, ते तिच्याकडून वसूल करत होतो. काय केलं: काहीच नाही. शेवटचा रकाना बराच वेळ मोकळा राहिला. मग पुण्याला तिला फोन लावला आणि हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला अजून आठवतं?’ मग म्हणाली, ‘मला वाटायचं फक्त मलाच आठवतं.’

वीस मिनिटांत एक पान झालं. कारणाचा रकाना समोर असला की मोठं बोलता येत नाही. तिथे खरं लिहावं लागतं, नाहीतर रकाना मोकळा दिसतो.

वेळही ठरवली. सकाळी सहा ते पावणेसात. रात्री लिहिलेलं दुसऱ्या दिवशी निम्मं खोडावं लागतं, हे तीन रात्री करून बघितलं.

२३ फेब्रुवारी

ही नोंद टाळत होतो. आज लिहिली.

जुलै १९९४, नाइट शिफ्ट. पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारं मशीन. त्या प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. हात डायमध्ये, म्हणजे साच्यात, राहू नयेत म्हणूनच ती व्यवस्था. उजवं बटण खराब झालं होतं, स्पेअर नव्हतं, सकाळी माल जायचा होता. मी पॅनेल उघडून वायर जोडली आणि ते बटण शॉर्ट केलं. प्रेस एका बटणावर चालायला लागला. पहाटे साडेतीनला हेल्परचा उजवा हात आत असताना डाव्या हाताने बटण दाबलं गेलं. दोन बोटं गेली. पोरगा १९ वर्षांचा.

त्याला दवाखान्यात नेलं, मग परत येऊन मी आधी जोडलेली वायर काढली. रजिस्टरात लिहिलं, ‘ऑपरेटरची चूक’. खाली माझी सही.

आज वहीत कारणाच्या रकान्यात लिहिलं: मी बटण शॉर्ट केलं होतं. ३१ वर्षांनी. लिहायला एक मिनिट लागलं, पण त्यानंतर दोन तास उठता आलं नाही.

पुढे मी सुपरवायझर झालो, सेफ्टीचं ट्रेनिंग द्यायला लागलो. गार्ड काढलेला दिसला की मशीन बंद करायचो, त्यावरून वरिष्ठांशी भांडलो, दोनदा मेमो घेतला. लोक म्हणायचे, हा माणूस सेफ्टीच्या बाबतीत फार कडक. कडक का होतो हे एकालाही सांगितलं नाही. मी घडलो तो त्या रात्रीमुळे, आणि त्याची किंमत दुसऱ्याने दिली.

१६ मार्च

मोठी चूक. वहीचा दुसरा भाग, ‘मी गेल्यावर’, याची चार पानं झाली होती. ती हिला वाचून दाखवली. वेळ कुठली निवडली, तर दिवेलागणीची. देवाजवळ दिवा लावून ही नुकतीच बसली होती. दुसऱ्या पानावरच उठून आत गेली. दोन दिवस बोलली नाही. असलं वाचायचं असेल तर सकाळी वाचावं, चहा झाल्यावर, आणि आधी विचारून.

तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, ‘तुम्ही गेल्यावर तुमचं काय करायचं ते लिहिलंत. माझं काय करतील, ते नाही लिहिलं.’

मला कळेना. मग म्हणाली, ‘आईंच्या बांगड्या फोडल्या तेव्हा तुम्ही दारात उभे होता.’

होतो. अण्णांना न्यायच्या आधी गावातल्या बायकांनी आईला बाहेर आणलं, कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. मनगटाला काच लागून रक्त आलं होतं. हेरवाड इथून तासाभराच्या वाटेवर, शिरोळ तालुक्यात. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं हे गावात होणार नाही. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ती बातमी मीच पेपरातून हिला मोठ्याने वाचून दाखवली होती. अडीच वर्षांनी स्वतःच्या दारात माझं तोंड उघडलं नाही.

पान ३१ वर लिहिलं: माझ्यामागे हिच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र काढायचं की ठेवायचं ते ती ठरवेल. वाढवायचं कुंकू, वाढवायच्या बांगड्या असलं काही कुणी म्हणायचं नाही. घरातल्या लग्नकार्यात ओटी तिच्या हातून भरायची. खाली सही.

ही म्हणाली, ‘त्या दिवशी कोण वही उघडणार?’ बरोबर होतं. अडवणारा माणूस आधी ठरलेला हवा. भावाला आणि मुलाला बसवून पान वाचून दाखवलं आणि दोघांच्या सह्या घेतल्या. भाऊ म्हणाला, गावातले लोक बोलतील. मी म्हणालो, बोलू देत, तू दारात उभा राहा. त्याने सही केली, पण लगेच नाही, जेवण झाल्यावर.

६ एप्रिल

हेल्परचा पत्ता शोधायला पाच आठवडे गेले. कारखाना बंद पडलाय, जुने लोक पांगलेत. शेवटी युनियनमधल्या एका जुन्या माणसाकडून कळलं, तासगावच्या बाजूला एका गावात पिठाची गिरणी चालवतो. एस. टी. ने गेलो.

गिरणी चालू होती, पट्ट्याचा आवाज. त्या काळी मी त्याला ‘अरे’ म्हणायचो. आज तोंडून ‘तुम्ही’ आलं. वही बरोबर नेली होती. गिरणी बंद करून तो पोत्यावर बसला आणि मी त्या पानावरचं सगळं वाचलं.

ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘साहेब, ते मला तेव्हाच माहीत होतं. तुम्ही पॅनेल उघडलेलं मी बघितलं होतं.’

मी विचारलं, मग बोलला का नाहीत. म्हणाला, ‘मी टेंपररी होतो.’

चहा आला. त्याने डाव्या हाताने कप धरला. बराच वेळ गिरणी, विजेचं बिल, मुलाची नोकरी यावर बोललो. निघताना त्याने विचारलं, ‘ते रजिस्टर अजून असेल का कुठं?’ मी म्हणालो, नाही, कारखान्याबरोबर रद्दीत गेलं असणार. ‘मग तुमच्या वहीतलं द्या लिहून. माझ्या पोराला वाटतं, बाप झोपला होता मशीनवर.’

तिथेच डब्यावर वही ठेवून दुसरी प्रत लिहिली. तारीख, वेळ, बटण, वायर, माझं नाव, सही. त्याने कागद पिठाचा हात पुसून घेतला, घडी केली, देव्हाऱ्यामागे ठेवला. माफ केलं असं तो म्हणाला नाही आणि मीही मागितलं नाही. ते मागणं म्हणजे त्याच्यावर अजून एक काम टाकणं झालं असतं.

खर्च: एस. टी. चे ११० रुपये.

११ मे

मृत्युपत्र. आधी मी स्वतः लिहिलं, १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर. तो खर्च फुकट. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, साध्या कागदावर चालतं. भारतीय वारसा कायदा १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे लागतं ते एवढंच: आपली सही आणि ती बघितलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या. नोंदणी सक्तीची नाही.

पण खरी चूक मजकुरात होती. मी लिहिलं होतं, ‘माझी सर्व मालमत्ता मुलगा व मुलगी यांना समान.’ मला वाटलं, मुलीला बरोबरीने दिलं म्हणजे चांगलं केलं. वकिलांनी वाचून एकच विचारलं, ‘आणि वहिनी कुठे राहणार?’

मृत्युपत्र केलंच नसतं तर हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई या चौघांना सारखा वाटा गेला असता. मी जे लिहिलं होतं त्यात बायको आणि आई दोघी बाहेर. म्हणजे काहीच न करण्यापेक्षा ते वाईट होतं. दोन महिन्यांपूर्वी हिने भाकरी थापताना जे सांगितलं, तेच मी पुन्हा केलं होतं, या वेळी कायद्याच्या भाषेत. घरी येऊन हिला सांगितलं. लपवलं नाही.

नवीन मजकूर: घर आणि बँकेतल्या ठेवी आधी हिच्याकडे, पूर्ण मालकीने. शेतातला माझा हिस्सा दोन्ही मुलांना. आईच्या औषधपाण्यासाठी एक ठेव वेगळी. वकिलांची फी ४००० रुपये.

१९ जून

मृत्युपत्राच्या नोंदणीला दोन फेऱ्या पडल्या. चुका दोन, दोन्ही माझ्या. साक्षीदार म्हणून माझे दोन मित्र नेले होते, एक ७० चा, एक ६८ चा. वकील म्हणाले, पुढे वाद झाला तर साक्षीदारांना कोर्टात उभं राहून सांगावं लागतं, तोवर हे दोघे असतील का? कमी वयाचे घ्या, आणि ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्यांना घेऊ नका. मुलाचे दोन मित्र ठरवले. पहिल्या दिवशी त्यांतला एक मूळ आधार कार्ड विसरला, झेरॉक्स घेऊन आला. आदल्या रात्री मी फोन करायला हवा होता. अर्धा दिवस गेला, दोघांच्या रजा गेल्या.

दुसऱ्या फेरीत काम झालं. डॉक्टरांचा, मी शुद्धीवर आणि विचार करण्याच्या स्थितीत आहे असा दाखला जोडला, ३०० रुपये. नोंदणी फी १०० आणि वर पानांप्रमाणे हाताळणीचे.

२० जुलै

उपचारांविषयीचं इच्छापत्र, ज्याला सगळे लिव्हिंग विल म्हणतात. स्वतः बोलण्याच्या स्थितीत नसलो तर कुठवर उपचार करायचे, हे आधी लिहून ठेवायचं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला याला मान्यता दिली. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, त्यामुळे कुणी करेना. २४ जानेवारी २०२३ च्या निकालाने ते सोपं झालं: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. एक प्रत आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. आपल्या वतीने निर्णय देणाऱ्या जवळच्या माणसांची नावं आत लिहायची.

माझा पहिला मसुदा एका ओळीचा: ‘मला व्हेंटिलेटरवर ठेवू नये.’ डॉक्टरांकडे नेला. ते वीस वर्षं आमच्या घरचं बघतात. म्हणाले, ‘उद्या तुम्हाला न्यूमोनिया झाला आणि चार दिवस व्हेंटिलेटरवर ठेवून तुम्ही चालत घरी जाणार असाल, तर या कागदाने मी तुम्हाला मारू का?’ यंत्राचं नाव लिहायचं नाही, स्थिती लिहायची. बरं होण्याची आशा नाही असं डॉक्टरांच्या दोन्ही मंडळांनी सांगितलं, तर कृत्रिम आधाराने आयुष्य लांबवू नये. वेदना कमी करणारे उपचार मात्र शेवटपर्यंत चालू ठेवावेत. मंडळं दोन असतात, एक त्या रुग्णालयातलं आणि एक त्याची तपासणी करणारं. कुणा एकाच्या मर्जीवर काही होत नाही.

हे घरात बोलताना हिने अरुणा शानबाग यांचा विषय काढला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर हल्ला झाला आणि १८ मे २०१५ पर्यंत त्या त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या. त्यांचे उपचार थांबवावेत ही याचिका २०११ मध्ये फेटाळली गेली, पण या देशात या विषयावरचा कायदा तिथून सुरू झाला. मी म्हणालो, जवळजवळ ४२ वर्षं, किती हाल. ही म्हणाली, ‘तिथल्या नर्सनी ४२ वर्षं तिला अंथरुणाची जखम होऊ दिली नाही म्हणतात. तुम्ही हाल बघताय, मी त्यांचे हात बघतेय.’

आम्ही दोघं एका मतावर आलो नाही. माझ्या कागदात माझं, तिच्या कागदात तिचं. तिने अजून लिहिलेलं नाही. मी मागे लागलेलो नाही.

नेमलेल्या अधिकाऱ्याकडे प्रत जमा करायला गेलो तेव्हा एकच प्रत आणि पत्राशिवाय गेलो. पोच कशावर घेणार? परत आलो. दुसऱ्या दिवशी वर विनंतीपत्र लावून दोन प्रती नेल्या, एकीवर पोच घेतली. नोटरीचे ५०० रुपये.

१७ ऑगस्ट

नेत्रदान. अण्णांच्या वेळी कुणाला तरी आठवलं तेव्हा आठ तास होऊन गेले होते. डोळे सहा तासांच्या आत घ्यावे लागतात. माझा फॉर्म २०१६ सालीच भरलेला होता, कार्ड कपाटात. पण कार्ड कपाटात असून उपयोग नाही. फोन घरच्यांनी करायचा असतो आणि संमती त्यांचीच लागते. आता कागद फ्रीजच्या दाराला लावलाय: आधी नेत्रपेढीला फोन. पंखा बंद. पापण्या मिटवून वर ओला कापूस. डोकं उशीवर थोडं उंच. नंबर मोठ्या अक्षरात.

देहदानाचा विचार होता. मिरजेला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, लांब नाही. हिची तयारी नाही. तो रकाना मोकळा ठेवलाय.

१४ सप्टेंबर

फोनचा पासवर्ड, बँकांची यादी, विम्याचे नंबर, गॅसची पावती. पान ५८ ते ६३. कंटाळवाणं काम, एका रविवारी उरकलं. पासवर्ड वहीत लिहिले नाहीत, वेगळ्या पाकिटात घालून मुलीकडे दिले.

९ नोव्हेंबर

बँकेत नॉमिनी तपासले. एका जुन्या ठेवीवर नॉमिनी अण्णा होते. १ नोव्हेंबरपासून एका खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, वाटा टक्क्यांत लिहिता येतो. ते करून टाकलं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पैसे हातात घेणारा. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसाने ठरते. शेअर्सच्या बाबतीतही तसंच आहे असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. म्हणून दोन्हीकडे नावं जुळतात का ते बघून घेतलं.

आजवरचा खर्च साधारण ६००० रुपये, त्यातले साडेतीनशे चुकांचे.

२३ नोव्हेंबर

अण्णांचं वर्षश्राद्ध झालं. गावी चार दिवस राहिलो. वही बरोबर होती. दुपारी आई सोप्यात बसली होती, तिला दहाव्याची गोष्ट काढून विचारलं, ‘आई, अण्णांच्या मनात काय राहिलं असंल गं?’

तिने लगेच सांगितलं. विहिरीवरची मोटर जळली होती, ती शेजारच्या शेतकऱ्याबरोबर निम्म्या-निम्म्या खर्चात दुरुस्त करून आणली होती, त्याचे अण्णांच्या वाटणीचे १८०० रुपये द्यायचे राहिले होते. शेवटचे आठ दिवस तेवढंच बोलत होते.

‘मग सांगितलं का नाहीस?’

‘मला कुणी इचारलं व्हय? तुमी समदी घाटावर.’

सोळा माणसं घाटावर आणि जिला ठाऊक होतं ती घरात कोपऱ्यात बसवलेली. संध्याकाळी जाऊन १८०० रुपये देऊन आलो. ते घेईनात, वर्षभर त्यांनी विषय काढला नव्हता. दिलेच.

मग आईला म्हणालो, तुझं पान लिहू या. तुला काय काय पाहिजे ते सांग, मी लिहितो. आधी नको म्हणाली. मग एकेक सांगायला लागली. धाकट्या सुनेला पाटल्या. मोठ्या नातीला जातं, ती दळणार नाही, पण तिने मागितलं होतं. तेराव्याला जिलेबी नको, पुरण करा. मी डॉटपेनने लिहीत होतो. मग थांबली. मनगटावरून हात फिरवला, काच लागली होती तिथे.

‘नेताना हिरव्या बांगड्या घाला मला.’

ही दारात भाजी निवडत होती. म्हणाली, ‘नेताना कशाला, आई?’

२४ नोव्हेंबर

बाजारात कासाराकडे गेलो. माप सव्वादोन, हिरव्या काचेच्या, दोन्ही हातांत चार-चार. ८० रुपये. कासारीण घरी यायला तयार झाली. भाऊ दारात उभा होता. आईने हात पुढे केला, मग मागे घेतला, मग पुन्हा पुढे केला. शेजारच्या दोघी बघत होत्या, काही बोलल्या नाहीत. भरताना एक फुटली, तिने दुसरी मागितली.

पान ७१ वरची ती ओळ खोडायची का विचारलं. म्हणाली, राहू दे.